मानेतून उगवलेली पाच कणसं

डहाणूकडच्या एका पाड्यावर माझी शिक्षिकेची पहिली नेमणूक झाली, तेव्हा वारली चित्र म्हणजे त्रिकोणी माणसं आणि तारपा या वाद्याभोवतीचा फेर, एवढंच मला ठाऊक होतं. त्याच वर्षी वर्गातल्या एका मुलीच्या बहिणीचं लग्न निघालं. गेले, तर घरात गेरूने सारवलेल्या भिंतीसमोर सवासिणी बसलेल्या. तांदळाच्या पिठाचं पाणी, आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. मी म्हटलं, "छान काढताय." त्यांतली एक म्हणाली, "बाई, चौक काढत नाहीत, लिहितात."

चौक म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरचं देवीचं चित्र. आधी चौकोन, मग त्याच्या कडेने साखळीसारख्या ओळी भरत गेल्या. मधोमध पालघट देवी उभी राहिली, हातपाय पसरलेली. पालघट म्हणजे हिरवाईने ओसंडणारा घट. झाडाझुडपांची, सुफळतेची देवी. ती भिंतीवर आल्याशिवाय वारल्यांचं लग्न लागत नाही.

शेजारच्या लहान चौकापाशी मात्र मी खिळून राहिले. त्यात पंचशिऱ्या देव होता. त्याला डोकंच नाही! मानेतून पाच कणसं वर आलेली. माणूस कुठे संपला आणि शेत कुठे सुरू झालं, हे शोधायला मी भिंतीला नाक लावलं. शिवणच नव्हती. ज्या काडीने खांदा लिहिला, तिनेच न उचलता कणीस लिहिलं होतं. तिथे माणसामागे निसर्ग नसतो, तो त्याच्या अंगातूनच उगवतो. हे मला त्या दिवशी दिसलं, आणि आजही त्या भिंतीइतकं दुसरं कुठलं चित्र मला प्रिय नाही.

१९७०च्या दशकात डहाणूजवळच्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांनी हीच रेषा कागदावर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्यामुळे वारली चित्र जगभर गेलं, याचा मला फार आनंद आहे.

गेल्या महिन्यात भाचीच्या नव्या घरी सोफ्यामागची भिंत वारलीने रंगवलेली दिसली. झाडं, मोर, फेर, आणि मधे साखळीची चौकट. तिच्यात घड्याळ टांगलेलं. चहा पिता पिता तिला पालघटाचं सगळं सांगितलं. तिने उठून घड्याळ उतरवलं आणि विचारलं, "मग इथे देवी काढू?"

"नको गं," मी म्हटलं. "ती लग्नघरात लिहितात."

खिळाही तिने लगेच उपटला.