नाव काय, तर लुटी!

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे पेकिंगीज जातीचा कुत्रा आहे, चपटं नाक, जमिनीला टेकणारे केस आणि ॲटिट्यूड असा की बिस्कीट पुढे केलं तरी आधी बिस्किटाकडे बघणार, मग तुमच्याकडे, आणि मूड असला तरच खाणार. हाक मारली की पळत येणं वगैरे त्याच्या खानदानात नाही. खानदान खरंच शाही आहे बरं का, चीनच्या राजवाड्यात पाळायचे यांना, अगदी चिमुकली असतील ती झग्याच्या रुंद बाहीत घेऊन फिरायचे म्हणे.

मग १८६० मध्ये ब्रिटिश आणि फ्रेंच फौजांनी बीजिंगचा समर पॅलेस लुटला, नंतर ब्रिटिशांनी जाळलाही, तिथे पाच पेकिंगीज सापडली आणि त्यातली एक कॅप्टन डनने व्हिक्टोरिया राणीला दिली. तिचं नाव ठेवलं लुटी! म्हणजे आपलाच 'लूट' शब्द, इथूनच इंग्रजीत गेलेला. लाज म्हणून नाही हो!! वर १८६१ मध्ये तिचं पेंटिंगही काढून घेतलं.

काकूंचे युवराज मात्र मे महिन्यात एसीखालून हलत नाहीत, चपट्या नाकामुळे धाप लागते बिचाऱ्याला, आणि दुपारी घोरतो असला की जिन्यात ऐकू येतं.