पुढे शीर्षक नाही

रात्रीचे पावणेबारा. संस्थेची साइट कशात बांधायची, हा तीन आठवडे लोंबकळत पडलेला प्रश्न आज एका फोनमुळे सुटला. झोप येत नाहीये, म्हणून लिहून ठेवते.

फोन मैत्रिणीचा होता. तिला दिसत नाही. संगणक ती एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर वापरते. त्यात एच ही कळ दाबली की ते पानावरच्या पुढच्या शीर्षकावर उडी मारतं. काल तिला साइटचं कच्चं पान पाठवलं होतं. म्हणाली, “अगं, वाचून दाखवतंय सगळं, पण एका दमात. कार्यक्रम कुठून सुरू होतात ते कळेचना. एच दाबलं की म्हणतंय, पुढे शीर्षक नाही.”

पानावर पाच शीर्षकं होती. मोठी, ठळक, गडद निळी. त्यांच्याखाली किती जागा सोडायची यावर मी एक अख्खी संध्याकाळ घालवली होती.

मग मीही एनव्हीडीए उतरवून घेतलं, स्क्रीन बंद केली आणि एच दाबलं. पुढे शीर्षक नाही. परत दाबलं. तेच. स्वतःच बनवलेल्या पानावर मला वाट सापडेना. छातीत धस्स झालं.

स्क्रीन लावून ब्राउझरमधलं इन्स्पेक्ट, म्हणजे पानामागचा कोड दाखवणारी खिडकी उघडली. एकात एक सात डिव्ह, आणि सगळ्यात आतल्या स्पॅनमध्ये माझं शीर्षक. डिव्ह आणि स्पॅन म्हणजे नुसती वेष्टनं, आत काय आहे ते ती सांगत नाहीत. अक्षरांचा आकार 32 पिक्सेल, जाडी 700. डोळ्यांना शीर्षक, ब्राउझरच्या लेखी साधा मजकूर. तिथे फक्त एच-टू, म्हणजे ‘हे दुसऱ्या पातळीचं शीर्षक’ असं सांगणारी कोडातली खूण हवी होती.

हे पान मी माउसने ओढून-ठेवून बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये केलं होतं. सगळा दोष त्याच्यावर ढकलणं बरोबर नाही. शीर्षकाची पातळी निवडायची सोय त्यात आहे, मीच तिकडे गेले नाही. पण हाताशी आधी आलं ते आकार, ठळकपणा, रंग. असं साधन पहिल्यांदा विचारतं, कसं दिसायला हवं? रिकाम्या फाइलमध्ये अशा खुणा, म्हणजे टॅग, लिहायला बसलं की पहिला प्रश्न येतो, हे आहे काय? शीर्षक, यादी, बटण, की नुसता परिच्छेद? दिवसभर माझ्या डोक्यात हाच फरक घोळतोय.

तरी ‘खरे लोक कोडच लिहितात’ हा तोरा मला कधीच पटला नाही. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी 1990 साली लिहिलेल्या पहिल्या ब्राउझरमध्ये पान वाचता वाचता तिथल्या तिथे बदलता यायचं. म्हणजे दिसतं तिथेच लिहिण्याची सोय वेबला सुरुवातीपासून आहे. मी स्वतः शिकले ड्रीमविव्हर या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर. अर्ध्या खिडकीत पान, अर्ध्या खिडकीत कोड. वरचं चित्र सरकवलं की खालची ओळ बदलायची, आणि ती ओळ बघता बघताच मला एचटीएमएल, म्हणजे वेबपानं लिहायची टॅगची भाषा, कळत गेलं. ते उपकार मी विसरणार नाही.

भीती वेगळीच आहे. अडोबी म्यूझ 2012 साली आलं, कोड न लिहिता साइट बनवा म्हणत. 2020 च्या मार्चमध्ये कंपनीने त्याला आधार देणं थांबवलं. बनलेल्या साइट चालू राहिल्या, पण त्यांची मूळ फाइल दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये उघडण्यासारखी नव्हती. उलट अगदी सुरुवातीच्या काळातलं साधं एचटीएमएल आजच्या ब्राउझरमध्ये बिनतक्रार उघडतं. साधन निवडताना ते किती चटकन शिकता येतं हे आपण बघतो. त्याच्यातून बाहेर पडताना हातात काय उरेल, हे विचारायचं राहून जातं. मीही कुठे विचारलं होतं?

मग सगळं हातानेच लिहावं का? दुपारभर तेच ठरवून बसले होते. पण दर महिन्याला कार्यक्रम बदलणार ती तीन माणसं, आणि त्यांच्यातल्या एकालाही कोड येत नाही. तारीख बदलायला त्यांनी दर वेळी मला फोन करायचा, आणि मी नसले तर साइट तशीच शिळी पडू द्यायची? हे मला अन्यायाचं वाटतं. मी लिहिलेला कोड कितीही नीटनेटका असला, तरी त्यांच्यासाठी ते कुलूपच.

शेवटी ठरलं ते असं. सांगाडा मी हाताने लिहिणार: शीर्षकं, यादी, मेनू, आणि पान कसं दिसेल ते ठरवणाऱ्या सीएसएसमधल्या ग्रिडची, म्हणजे चौकटींची, मांडणी. आत वर्डप्रेस, म्हणजे कोड न येता मजकूर बदलता येणारं साइटचं सॉफ्टवेअर. 2018 च्या पाचव्या आवृत्तीपासून त्यात ब्लॉक एडिटर आहे: शीर्षक, परिच्छेद, चित्र असा एकेक ठोकळा निवडून पान भरायचं. तिघांनी तिथे बघत बघत मजकूर भरायचा, आणि शीर्षकाचा ब्लॉक घेतला की खरंखुरं शीर्षकच उमटणार. ओढून-ठेवायचं सॉफ्टवेअर काही टाकून देणार नाही. दहा मांडण्या पटापट करून बघायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. फक्त तिथलं पान उचलून थेट साइटवर चढवायचं नाही.

रात्री जेवण झाल्यावर पाचही शीर्षकं एच-टू केली. सीएसएसने रंग तोच, आकार तोच, दिसायला तसूभर फरक नाही. स्क्रीन बंद करून एच दाबत गेले. कार्यक्रम. वर्ग. सभासदत्व. छायाचित्रं. संपर्क. लगेच तिला दुवा पाठवला. अजून उत्तर नाही, झोपली असेल.

वेळापत्रकाचा तक्ता मोबाइलवर अजून उजवीकडे बाहेर जातोय. त्याची रुंदी 960 पिक्सेलवर बांधून ठेवलीय मी. उद्या उठल्यावर आधी तेच.