दसऱ्याआधी काटा सुरू झालाच पाहिजे

दसरा उलटला की जिनिंगच्या फाटकावर कापसाच्या गाड्या लागतात. काट्याच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती त्याआधी जायला हवी, आणि नेमकी ओलावा-कपातीची सोय अर्धवट. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव, पुढे १२ टक्क्यांपर्यंत दर टक्क्यामागे १ टक्का कपात, त्याच्यावर माल परत. हिशोब सोपा वाटतो, पण ८.६ ला ०.६ कापायचा की १, हे ठरलं नसेल तर कोड पुरा होणार कसा?

माझं मत: थांबू नका. वजन आणि पावतीच्या दुरुस्त्या घेऊन आवृत्ती वेळेवर सोडा, ओलाव्याची सोय तिच्यात बंद ठेवा. मापारी कपात हातानं टाकतो तो रकाना तसाच ठेवा.

सोय बंद ठेवणं म्हणजे नुसतं बटण लपवणं नव्हे. खरी फसगत डेटाबेसमध्ये होते. ओलाव्याचा नवा कॉलम घालताना डिफॉल्ट ० देऊ नका, नल (म्हणजे रिकामा) ठेवा. नाहीतर 'मोजलाच नाही' आणि 'शून्य' यांत पुढं फरक करता येत नाही. पावतीचा साचाही तपासा. बटण बंद, पण छापील पावतीवर 'ओलावा ०.००' आलं, की काट्यावर भांडण ठरलेलं. सोय चालू आणि बंद, दोन्ही तऱ्हांनी चाचणी घ्या.

लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्स या संगणक प्रणालीच्या गाभ्यात) नवं काम घ्यायला दोन आठवडे, मग साधारण सात आठवडे फक्त दुरुस्त्या. हुकलं ते पुढच्या आवृत्तीत, नऊ-दहा आठवड्यांनी. म्हणून कुणी रडत नाही. आवृत्ती वर्षातून एकदाच निघत असेल तर जो तो कच्चं काम कोंबणारच.

थांबायचं ते चुकीसाठी. वजन किंवा रक्कम चुकत असेल, मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतला बदल) उलटवता येत नसेल, तर तारीख गेली खड्ड्यात. लिनक्सवरच्या उबुंटू या प्रणालीची ६.०६ आवृत्ती एप्रिलऐवजी जून २००६ मध्ये आली, ती पक्की करण्यासाठीच.

मोबाईल ॲप असेल तर प्ले स्टोअरवर नवी आवृत्ती आधी ५ टक्के वापरणाऱ्यांना द्या. हे वाटप (रोलआउट) थांबवलं तरी ज्यांच्याकडे गेलं ते परत येत नाही. चूक सुधारायला वाढीव व्हर्जन कोडची (आवृत्ती क्रमांकाची) नवी बिल्डच, म्हणजे नव्यानं बांधलेलं ॲपच, लागते. आडगावात रेंज नसते, जुनं ॲप महिनोन्‌महिने चालतं, म्हणून सर्व्हरनं हंगामभर जुन्या धाटणीची पावतीही घेतली पाहिजे.

ओलाव्याची सोय तयार झाली की आधी एकाच काट्यावर चालू करा. पन्नास पावत्या हाताच्या हिशोबाशी पैशापर्यंत जुळल्या, की मग बाकीच्या काट्यांवर.