तुम्ही विचारलंत म्हणून: अरबी येत नसताना अरबी लोगो

दिवाळीत घरी आले की फराळाच्या ताटापाठोपाठ हा प्रश्न येतोच. "तू तिकडे दुबईत अरबी अक्षरांचे लोगो करतेस म्हणे. पण तुला अरबी कुठं येतं?" आणि लगेच कुणीतरी जाणकार पुस्ती जोडतं, "अगं, आता सगळं कॉम्प्युटरवर असतं. फॉन्ट निवडला की झालं."

तर सांगते. बोलायला जुजबी येतं, वाचायला बऱ्यापैकी येतं, लिहायला येत नाही. म्हणजे वाणसामानाची यादी लिहीन, पण दुकानाच्या पाटीवर शोभेल असं एक अक्षरही माझ्या हातून उमटणार नाही. ते काम खत्तात करतो. हस्ताक्षराच्या कलेला अरबीत 'खत' म्हणतात, आपल्या 'दस्तखत'मधला तोच हा खत, आणि ती कला ज्याच्या हातात आहे तो खत्तात. शारजात एका इराकी उस्तादांच्या खोलीत पहिल्यांदा गेले तेव्हा मला भाषेची धास्ती होती. पण 'कलम' आणि 'दवात' हे शब्द न विचारताच कळले, दवात म्हणजे आपली दौत. भिंतीवरच्या चौकटीतल्या लिखाणाला ते 'कित्आ' म्हणाले आणि मी हसलेच. सोलापूरच्या शाळेत बोरूनं जो कित्ता गिरवला, तो शब्द इथून आपल्याकडे आलेला. बोरूचं टोक तिरकं का कापायचं, हेही त्यांना मला शिकवावं लागलं नाही.

आता फॉन्टचं. अरबीत 28 अक्षरं, पण बहुतेक अक्षरं शब्दात कुठं बसतात त्यावर रूप बदलतात: सुरुवातीला एक, मध्ये दुसरं, शेवटी तिसरं, एकटं असलं तर चौथं. शिवाय अलिफ, दाल, धाल, रा, झाय आणि वाव ही सहा अक्षरं पुढच्या अक्षराचा हात धरत नाहीत. तिथं शब्द तुटतो. सॉफ्टवेअरला अरबी कळत नसेल तर सगळीच अक्षरं सुटी होतात, वर उजवीकडून डावीकडे जायच्या ऐवजी डावीकडून उजवीकडे लागतात. 'मराठी'चं 'ी ठ ा र म' झालेलं डोळ्यांपुढे आणा. असे फलक मी आजही पाहते, आणि बनवणाऱ्यानं तो मजकूर एकाही वाचणाऱ्याला दाखवला नव्हता हे लांबूनच कळतं.

म्हणून गिऱ्हाईक आलं की मी शैलीबद्दल बोलतच नाही. कुफी हवी की दिवाणी हवी, हा प्रश्न नंतरचा. आधी नाव साध्या नस्खमध्ये, म्हणजे पुस्तकात छापतात त्या सरळ वळणात, लिहून घेते आणि मोजते: तुकडे किती, उभ्या रेषा किती, ठिपके किती, वर किती, खाली किती. लोगो तिथंच निम्मा ठरतो. तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं उदाहरण देते. 'अल जझीरा' ही दोह्याची वाहिनी 1996 साली सुरू झाली. तिचा तो थेंबासारखा किंवा ज्योतीसारखा लोगो म्हणजे दुसरंतिसरं काही नसून तिचं नाव आहे. अल जझीरा अरबीत लिहिलं की चार तुकडे पडतात: एकटा अलिफ, मग लाम, जीम, झाय जोडलेले, मग या आणि रा, शेवटी एकटी ता. चार तुकडे असल्यामुळे ते एकावर एक रचता येतात, एकात एक गुंफता येतात. नाव सलग जोडलेलं असतं तर ती रचना इतकी सहज जमली नसती. आता एमिरेट्स विमान कंपनी घ्या. 'अल इमारात' या आठ अक्षरांत चार अलिफ आहेत. चार उभे दांडे! त्यांचं काय करायचं, हाच त्या लोगोतला खरा प्रश्न.

मी हे शहाणपण फजितीतून शिकले. पहिल्याच वर्षी एका कॅफेचं काम आलं. पूर्ण नाव सांगत नाही, पण त्यात 'बैत' हा शब्द होता, म्हणजे घर. बा, या, ता: तिन्ही अक्षरं एकमेकांना जोडलेली, आणि ठिपके काढले तर आधी दोन सारखे दात आणि शेवटी एक वाटी, एवढंच. बाला खाली एक ठिपका, याला खाली दोन, ताला वर दोन. म्हणजे खाली तीन, वर दोन. मला तळ जड वाटला. तेव्हा माझ्या डोक्यात 'मिनिमल'चं वारं होतं. एक ठिपका काढून टाकला, एक वर सरकवला. खाली एक, वर तीन, काय छान तोल आला! मालकांना दाखवलं. त्यांनी बराच वेळ कागद पाहिला आणि मग मोठ्यानं हसले. 'बैत'चं 'बिन्त' झालं होतं. घर गेलं आणि मुलगी आली. कॅफेच्या दारावर 'मुलगी' लिहून मी त्यांना काय भानगडीत टाकणार होते, ते त्यांनी मला समजावून सांगितलं.

उस्तादांकडे गेले तर त्यांनी काही न बोलता रुक्आत तो शब्द लिहिला. रुक्आ ही रोजच्या भराभर लिहिण्याची वळणाची शैली. तिच्यात दोन ठिपक्यांऐवजी एकच छोटी आडवी रेघ ओढतात. खाली एक ठिपका आणि एक रेघ, वर एक रेघ. गर्दी संपली, अर्थ शाबूत. मी दोन आठवडे ज्याच्याशी झटत होते ते उत्तर शतकं जुनं होतं.

ठिपक्याला, म्हणजे नुक्त्याला, नुसतं टिंब समजू नका. कलमाचं तिरकं टोक कागदावर टेकवून सरकवलं की जो चौकटच्या पत्त्यासारखा आकार उमटतो, तो नुक्ता. सगळ्या अक्षरांचं माप त्यावरच. बगदादच्या अब्बासी खलिफांचा वजीर इब्न मुक्ला यानं दहाव्या शतकात ही मोजणी बसवली: नुक्ता, अलिफची उंची आणि त्या उंचीएवढ्या व्यासाचं वर्तुळ. सुलुस शैलीत अलिफ साधारण सात नुक्त्यांचा. राजकारणात इब्न मुक्लाचा उजवा हात तोडला गेला आणि 940 साली तो कैदेत मेला. पण मोजणी अजून चालू आहे. गिऱ्हाईक म्हणतं, "हे अक्षर जरा मोठं करा ना," तेव्हा मला आधी तोच आठवतो. एकच अक्षर ओढून मोठं केलं तर त्याची जाडी बिघडते, ठिपका बारीक वाटायला लागतो आणि शेजारी बसलेलं अक्षर आजारी दिसतं. उलट "जरा रुंद करा" म्हणालं तर मी खूश. अरबीत दोन अक्षरांमधला सांधा लांबवायची रीतसर सोय आहे, तिला कशिदा म्हणतात. अर्थात वाटेल तिथं ओढायची नाही. कुठं ओढायचा ते उस्ताद ठरवतात.

उस्ताद एकच शब्द तीस-चाळीस वेळा लिहितात. सगळे कागद जमिनीवर पसरायचे आणि लांब उभं राहून बघायचं. मग निवडलेला कागद स्कॅन करून माझं खरं काम सुरू होतं. ऑटो ट्रेस, म्हणजे सॉफ्टवेअरनं आपोआप बाह्यरेषा काढणं, मी वापरत नाही. त्यात कागदाचा खरखरीतपणा, शाईचा फुगारा सगळं येतं आणि कलम जिथं सावकाश वळलं ती लय जाते. वळणाच्या टोकांवर मोजके बिंदू ठेवून हातानं रेष काढावी लागते. तेवढं करून उस्तादांना दाखवलं की ते हटकून एका जागी बोट ठेवतात, "इथं कलम फिरलं होतं, तुझं फिरलं नाही." ते नेहमी बरोबर असतात, हे जरा चिडवणारंच आहे. शेवटी तो लोगो 16 पिक्सेलपर्यंत लहान करून बघते. मीम आणि वाव या अक्षरांचे डोळे, म्हणजे आतल्या पोकळ्या, बुजले, ठिपके एकमेकांना चिकटले, तर परत पहिल्यापासून.

एक शैली मात्र खत्ताताशिवाय जमते, चौकोनी कुफी. विटा रचून इमारतींच्या भिंतींवर लिहिण्यातून ती वाढली. सगळ्या रेषा सरळ, सगळे कोन काटकोन. डिझायनरांची लाडकी, कारण ग्राफ पेपर पुरतो. बँका आणि बिल्डरांचे निम्मे लोगो त्यातलेच. मीही केलेत, पण त्यातल्या बऱ्याच कामांत माझा आळस होता हे कबूल करते.

आणि एक पथ्य. नावात 'अब्दुल्ला'सारखा, देवाचं नाव असलेला शब्द असेल तर लोगो कशाकशावर छापणार हे आधी विचारायचं. पेपर नॅपकिन, पिशव्या, पायपुसणं? जे कचऱ्यात जाईल किंवा पायाखाली येईल त्यावर ते नाव नको असतं. 1997 साली नायकेच्या बुटांवरचा 'एअर' हा शब्द ज्वाळांसारख्या अक्षरांत काढला होता. तो अरबीतल्या 'अल्लाह'सारखा दिसतो म्हणून हजारो जोड परत मागवावे लागले. ते अरबी लिहायलाही गेले नव्हते.

यंदा एवढं सगळं ऐकून घेतल्यावर मामा म्हणाले, "मग आमचं आडनाव काढ की अरबीत, हॉलमध्ये लावतो." आमचे मामा पाटील. अरबीत प नाही, ट नाही.

"मामा, बातील होईल."

"बातील?"

"आणि त्याच्या जवळच्या उच्चाराचा एक शब्द आहे, बातिल. त्याचा अर्थ खोटं, रद्दबातल."

मामांनी चिवड्याचा बकाणा भरला, जरा विचार केला. "राहू दे. देवनागरीतच काढ."

ते अजून काढायचं राहिलंय.