चंद्रीच्या गळ्याखालची पिशवी

आमच्या चंद्रीनं दोन दिवस दाणा टिपला नाही. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव लहान, कोंबडी आजारली की आधी घरचेच उपाय. गळ्याखाली लिंबाएवढा टणक गोळा हाताला लागत होता. "पोट फुगलं तिचं, ओवा पाज तिले," आई म्हणाली. मी ओव्याचं पाणी पाजलं. गोळा तसाच, वरून चोचीला आंबूस वास यायला लागला.

तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बोटांनी चाचपलं. "ताई, हे पोट नाहीच. इथं अन्न नुसतं साठतं, भिजतं. आणि जबरीनं पाणी पाजू नका, श्वासनळीत गेलं तर जीव जाईल."

मी माझ्या पोटाचा हिशेब तिला लावत होते. आपण घास चावतो, लाळेत मिसळला की तोंडातच त्याचं पचन सुरू होतं, पुढे एकाच जठरात आम्लही सुटतं आणि घुसळणंही होतं. कोंबडीला दात नाहीत. पिशवीतून दाणा पुढे सरकला की जठराच्या पहिल्या भागात त्यावर आम्ल आणि पाचकरस पडतात, मग पेट्यात, म्हणजे जठराच्या दुसऱ्या, जाड मांसल भागात, गिळलेल्या खड्यांनी तो भरडला जातो. इतकी वर्षं कलेजीसोबत पेटा रांधते, चिरून आतली पिवळी साल सोलते, खडे धुऊन टाकते. ते खडे कोंबडीनं चुकून गिळले असतील असंच मला वाटायचं!

वाटच बुजलेली, तर ओवा पोटापर्यंत पोचणार कसा?

डॉक्टरांनी पिसं काढली, जागा बधिर केली, छोटा छेद दिला. मी पाय धरून बसले होते. आतून सोयाबीनच्या कुटारात गुंडाळलेली बारदान्याची सुतळी निघाली, वीतभर, काळी पडलेली. आधी पिशवीला टाके, मग कातडीला वेगळे.

घरी फक्त कणकीचा मऊ भात, थोडा थोडा. रोज पहाटे पिशवी चाचपायची, कारण रात्रीतून ती रिकामी व्हायलाच हवी. आपलं जेवण बाहेर पडायला दिवस-दोन दिवस लागतात, कोंबडीचं काही तासांत पार होतं.

चौथ्या पहाटे डालं उचललं. पिशवी मऊ, रिकामी. खाली ताजी विष्ठा, तिच्यावर पांढरा थर. ती तिची लघवी; कोंबडीला मूत्राशय नसतं, दोन्ही एकाच वाटेनं येतात. मी आईला हाक मारून दाखवलं.