जवळच्या डीलरकडे न्या

कंपनीची सूचना चार ओळींची होती. या मॉडेलची सायकल चालवणं ताबडतोब थांबवा. फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) स्टिअररला, म्हणजे हँडलपर्यंत वर जाणाऱ्या पोकळ दांड्याला, तडा जाऊ शकतो. सायकल जवळच्या अधिकृत डीलरकडे न्या. तपासणी आणि बदल मोफत. सायकल माझ्यासमोर स्टँडला लावलेली, मालकीण शेजारी उभी, आणि आम्ही दोघं ज्या देशात होतो तिथे त्या कंपनीचा एकही डीलर नव्हता. त्या कंपनीने इथे कधी सायकल विकलेलीच नाही.

ती आली होती साध्या तक्रारीसाठी. "दादा, पुढचा ब्रेक दाबला की हँडलखालून कटकट आवाज येतो." अशा आवाजाची कारणं बहुतेक वेळा किरकोळ असतात. हेडसेट, म्हणजे स्टिअरर ज्यावर फिरतो ती बेअरिंगची जोडी, सैल झालेला, बेअरिंगमधलं ग्रीस वाळलेलं, हँडल स्टिअररला पकडणाऱ्या स्टेमचा बोल्ट नीट आवळलेला नाही. पण कार्बन फायबरची सायकल आली की पाना हातात घेण्याआधी मी पेडलच्या आसाखालचा सीरियल नंबर पुसून वाचतो आणि कंपनीच्या रिकॉलच्या, म्हणजे सदोष माल परत बोलावण्याच्या, पानावर टाकून पाहतो. आमच्या वर्कशॉपमध्ये हे मी एकटाच करतो. काकांना, म्हणजे आमच्या सगळ्यात जुन्या मेकॅनिकना, तो वेळ फुकट घालवणं वाटतं. त्यांचा हात माझ्यापेक्षा कितीतरी साफ आहे, पण ते लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियमवर तयार झालेत. लोखंड आधी वाकतं, मग तुटतं. कार्बन वाकून दाखवत नाही.

सूचना तिला मिळालीच नव्हती. सायकल तिच्या भावाने अमेरिकेत घेतली, खोक्यात भरून आणली आणि तिला दिली. कंपनीच्या यादीत नाव भावाचं, ईमेल भावाचा. त्याला तो मेल जाहिरात वाटला.

सायकल अमेरिकेतली आहे हे मला तिने सांगण्याआधीच कळलं होतं. ब्रेकचा उजवा लिव्हर दाबून पाहिला, तर मागचं चाक थांबलं. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाचा नियम तसाच आहे: गिऱ्हाइकाने वेगळं मागितलं नाही, तर उजवा हात मागच्या ब्रेकला, डावा पुढच्या. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, जपानमध्ये नेमकं उलट. आयएसओ ४२१० हे सायकलींच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानकही यात हात घालत नाही. ज्या देशात विकाल तिथल्या रीतीने लावा, म्हणतं. तिची सवय उजव्या हाताने पुढचा ब्रेक दाबायची. इतके महिने ती घाईच्या क्षणी उलटा ब्रेक दाबत होती आणि हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, कारण सांगणारं माणूस म्हणजे डीलर, आणि तो या व्यवहारात कुठेच नव्हता.

मग फोर्क काढायला घेतला. पूर्वी हे दहा मिनिटांचं काम होतं. वरची टोपी काढा, स्टेम सैल करा, फोर्क खाली ओढा. आता या सायकलींत ब्रेकच्या हायड्रॉलिक नळ्या हँडलमधून स्टेममध्ये आणि तिथून हेडसेटच्या वरच्या बेअरिंगमधून आत जातात. बेअरिंग बदलायचं म्हटलं तरी नळी लिव्हरपासून सोडावी लागते, तेल सांडतं, आणि शेवटी अख्खा ब्रेक ब्लीड करावा, म्हणजे त्यात शिरलेली हवा काढावी लागते. ज्यांनी हे डिझाइन केलं त्यांनी ते एकदा स्वतःच्या हाताने उघडून पाहायला हवं होतं. वाऱ्याचा थोडासा रोध वाचवण्यासाठी दुरुस्तीचा सगळा भार मेकॅनिकवर टाकला आहे, आणि गिऱ्हाईक विचारतं, एवढ्याशा आवाजाला अर्धा दिवस कसा लागतो.

फोर्क बाहेर आला. स्टिअरर अल्कोहोलने पुसला, दिवे मालवले आणि टॉर्च तिरका धरला. समोरून प्रकाश मारला तर तडा दिसत नाही. टॉर्च स्टिअररला जवळजवळ समांतर धरला की तड्याची सावली पडते. स्टेमची पकड जिथे संपते त्याच्या जरा खाली, मागच्या बाजूला, केसाएवढी रेघ होती. अर्ध्या घेरापर्यंत गेलेली. रेघ म्हणजे तडा नव्हे, वरवरचा ओरखडाही असू शकतो. म्हणून नख फिरवलं, नख अडलं. मग नाण्याने हलके ठोके देत वरून खाली आलो. चांगल्या कार्बनवर आवाज टणटणीत येतो. रेघेपाशी तो बसला, बोट खाली नेताच पुन्हा मोकळा झाला. काकांना बोलावलं. त्यांनी डोळे मिटून ठोके ऐकले आणि म्हणाले, "हे परत बसवायचं नाही."

स्टिअरर तुटतो तेव्हा हँडल हातात राहतं आणि चाक वेगळं होतं. पुढचा ब्रेक जोरात दाबताना, म्हणजे उतारावर, त्यावर सगळ्यात जास्त ताण येतो. मी तिला हे असंच सांगितलं. ती गप्प झाली, मग म्हणाली, "मग फोर्क मागवा ना."

तेच तर होत नव्हतं. कंपनीच्या तक्रारीच्या फॉर्ममध्ये देश निवडायची यादी होती आणि त्यात आमचा देश नव्हता. देश निवडल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. दुसऱ्या कंपनीचा फोर्क बसवावा, तर या फ्रेमचा स्टिअरर गोल नाही; नळ्यांना वाट मिळावी म्हणून पुढून चपटा केलेला आहे. बाजारातला एकही फोर्क तिथे चालत नाही. म्हणजे एका सुट्या भागावाचून चांगली फ्रेम आणि चांगली चाकं अडगळ.

तेव्हा तिने तो प्रश्न विचारला, जो मला नेहमी ऐकावा लागतो. "एवढी मोठी कंपनी इथे विकत का नाही?" लोकांची उत्तरं ठरलेली असतात: कर जास्त आहेत, इथल्या लोकांना किंमत नाही, वितरकांची टोळी आहे. वर्कशॉपमध्ये येण्याआधी मी एका वितरकाकडे नोकरी केली आहे, आणि असा निर्णय एका कारणाने झालेला मी पाहिला नाही. एका मॉडेलचे पाच-सहा साइझ असतात. ऑर्डर हंगामाच्या कितीतरी आधी द्यायची, कंपनी ठरवेल तेवढ्या संख्येची. लहान बाजारात मधले साइझ विकले जातात. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठे गोदामात पडून राहतात आणि नफा खातात.

कराचं म्हणाल तर तो नुसता किंमत वाढवत नाही, कारखाना कुठे असावा हेही ठरवतो. चीनमध्ये बनलेल्या सायकलींवर युरोपीय संघ १९९३ पासून अँटी-डंपिंग शुल्क, म्हणजे अवाजवी स्वस्त आयातीवरचा जादा कर, लावतो, आणि २००५ पासून ते ४८.५ टक्क्यांपर्यंत आहे. चीनमधून अमेरिकेत जाणारं खोकं तसंच युरोपात पाठवून भागत नाही. नावाचाही प्रश्न असतो. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या रॅली या जुन्या सायकल कंपनीचं नाव आज एकाच मालकाकडे नाही. जपानमध्ये कित्येक वर्षं अराया ही कंपनी परवान्यावर रॅली सायकली बनवत होती. तेव्हा तिथे दुसऱ्या कोणी त्या नावाची सायकल नेली असती तर भांडण ठरलेलं. विजेच्या सायकलींचं तर विचारूच नका. युरोपात मोटर २५० वॉटची आणि तिची मदत ताशी २५ किलोमीटरला बंद. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत ७५० वॉट आणि ३२ किलोमीटरपर्यंत चालतं. जपानमध्ये ताशी १० किलोमीटरपर्यंत पायाच्या जोराच्या दुपटीपेक्षा जास्त मदत नाही, आणि पुढे ती कमी होत २४ ला शून्य. एकच सायकल एका देशात सायकल आणि दुसऱ्या देशात विनापरवाना मोटरगाडी.

हे सगळं खरं आहे, पण त्या दिवशी फोर्क हातात धरून मला वाटत होतं की यातलं सगळ्यात मोठं कारण लोक कधी मोजतच नाहीत: सायकल बिघडली तर त्या देशात उत्तर देणारं कोण? कॅन्यनसारखी थेट ऑनलाइन विकणारी जर्मन कंपनी अमेरिकेत २०१७ साली पोचली, तीसुद्धा तिथे स्वतःची व्यवस्था उभी करून. युरोपीय संघात १३ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेला सुरक्षा कायदा तर स्पष्टच सांगतो की संघाच्या हद्दीत जबाबदार पक्ष नसेल तर वस्तू विकता येणार नाही. मला हा नियम पटतो. लहान विक्रेत्यांना तो जड जातो हे मान्य करूनही पटतो. माल समुद्र ओलांडून जातो, जबाबदारी जात नाही, आणि मधल्या फटीत ही मुलगी उतारावरून सायकल हाकत होती.

भावाच्या नावाने मेल लिहिला, सीरियल नंबर आणि फोटो जोडले. उत्तर चांगलं आलं: बदली फोर्क अमेरिकेतल्या पत्त्यावर पाठवू. अट अशी, की आधी जुना फोर्क आडवा कापायचा आणि सीरियल नंबरच्या चिठ्ठीसह तुकड्यांचा फोटो पाठवायचा. या धंद्यात ही पद्धत सर्रास आहे आणि तिच्यामागचं कारण रास्त आहे. खराब भाग पुन्हा कोणाच्या सायकलवर चढू नये. पण डीलर असता तर नवा भाग काउंटरवर ठेवून जुना कापला असता. इथे तिने आधी कापायचं आणि मग वाट पाहायची. काका म्हणाले, आपण कापायचा नाही, उद्या काही झालं तर आपल्यावर येईल. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. निर्णय तिचा होता, आणि तिने तो तिथेच घेतला: "कापा. हा राहिला तर कधीतरी मीच मोह होऊन बसवायला सांगेन."

मास्क लावला, करवतीचं पातं ओलं केलं आणि कापला. आतून पाहिल्यावर तडा बाहेर दिसत होता त्यापेक्षा खोल निघाला.

नवा फोर्क भावाबरोबर आला. लांबी मोजून स्टिअरर कापला, कडा घासली, बेअरिंगच्या कोनांची खात्री केली. दिसायला सारखी दोन बेअरिंगं असतात, एकाचा उतार ३६ अंशांचा आणि दुसऱ्याचा ४५. चुकीचं बसवलं तर तीच कटकट पुन्हा. नळ्या उघड्याच होत्या, म्हणून तिच्या सांगण्यावरून ब्रेक बदलून उजवा लिव्हर पुढच्या चाकाला जोडला. प्रत्येक बोल्टचा टॉर्क, म्हणजे तो किती जोराने आवळला ते, कार्डावर लिहिलं, खाली सही केली आणि एक प्रत तिला दिली. काकांना ती सही पसंत नाही. अशा सायकली घ्यायच्याच नाहीत असा फलक लावा म्हणतात, आणि त्यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.

रिकॉलच्या पानावर तिचा नंबर टाकला तर आजही "तपासणी बाकी" असंच येतं. ती नोंद फक्त अधिकृत डीलरच्या लॉगिनने बंद होते. कापलेल्या स्टिअररचे, नव्या फोर्कचे आणि टॉर्क-कार्डाचे फोटो मी कंपनीला पाठवले आहेत. उत्तर आलं, की नोंदीसाठी सायकल जवळच्या डीलरला दाखवावी. मी पुन्हा लिहिलं आहे.