रिपोर्टातली शेवटची ओळ

"डॉक्टर, ही बीटा-एचसीजी दर महिन्याला कशासाठी?"

चोविशीतली पेशंट, आजार आयझेनमेंगर. हृदयाच्या खालच्या कप्प्यांमधलं मोठं छिद्र वेळेत बंद झालं नाही, फुप्फुसांतला दाब वाढत गेला आणि रक्त उलटं वाहू लागलं. आता छिद्र बुजवलं तर उजव्या कप्प्याची सुटकेची वाटच बंद होईल. रक्तातला ऑक्सिजन 82 टक्के, हिमोग्लोबिन 20. (नवखे लोक तो 82 बघून धावत सुटतात, पण सलाईनच्या नळीतला बुडबुडा बघत नाहीत. इथे तो थेट मेंदूत जाऊ शकतो.)

तीन वर्षं बोसेंटन चालू, फुप्फुसांतला दाब उतरवणारं औषध. आधी 62.5 मिलिग्रॅम दोनदा, चार आठवड्यांनी 125. यकृताची एन्झाइम्स दरमहा, आणि गर्भात व्यंग होण्याचा धोका म्हणून बीटा-एचसीजी, म्हणजे गर्भचाचणीही, त्याच रक्तातून. तिला मात्र फक्त 'लिव्हरची टेस्ट' एवढंच ठाऊक. मुलांच्या विभागातून आलेल्या फाइलवर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'गरोदरपणाचा विषय आईशीच बोलावा.' आठ महिने मीही मुकाट सही करत होतो.

आईंना बाहेर बसवलं आणि सगळं सांगितलं. गरोदरपणात अंगातल्या रक्तवाहिन्या सैलावतात, हिच्या फुप्फुसांतल्या सैलावत नाहीत. मग आणखी अशुद्ध रक्त छिद्रातून पलीकडे जातं. बाळंतपण पार पडलं तरी पुढचे काही आठवडे धोक्याचेच. जुन्या नोंदींत माता दगावण्याचं प्रमाण 30 ते 50 टक्के. गर्भ राहू नये म्हणून इस्ट्रोजेनच्या गोळ्या घ्याव्यात तर गुठळीची भीती, बाकीच्या हॉर्मोनच्या गोळ्यांचा परिणाम बोसेंटन कमी करतं. त्यातल्या त्यात बरी गर्भाशयात बसवायची हॉर्मोनची आययूडी, तीही भूलतज्ज्ञ हजर असताना, कारण बसवताना नाडी मंदावून बीपी कोसळू शकतं.

"म्हणजे तीन वर्षं परीक्षा माझी आणि प्रश्नपत्रिका आईकडे."

मग तिने विचारलं, "आणि तरी मूल हवं असेल तर ठरवणार कोण?"

"तुम्ही," मी म्हणालो. तोवर मी तिला 'तू' म्हणत आलो होतो. पण वीस मिनिटं एकाच बाजूचे आकडे ऐकवून मग 'तुम्ही ठरवा' म्हणणं, ही कितपत मोकळीक?

आता फॉर्मवर प्रत्येक तपासणीसमोर कारण लिहितो. लॅबवाले वैतागतात, वैतागू देत.

त्या दिवशी आईंनी दारातच विचारलं, काय म्हणाली? मी म्हटलं, तिलाच विचारा. तेव्हापासून त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत.